इपॉक्सीची अ‍ॅलर्जी आणि सहा महिन्यांची अट

नाशिकच्या सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत कॉइल, सेन्सर, पॅनेलचे भाग यांचं पॉटिंग, म्हणजे भागावर रेझिन ओतून तो बंद करणं, इपॉक्सीने होतं. हे रेझिन जगाच्या बाजारात १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलं. घट्ट झालेलं रेझिन फारसं त्रास देत नाही. त्रास होतो तो ओल्या रेझिनचा आणि ते घट्ट करणाऱ्या हार्डनरचा. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते, मग मनगट, कधी पापण्या सुजतात. अनेकदा गजकर्ण समजून मलम लावण्यात महिने जातात. एकदा अ‍ॅलर्जी जडली की ती बहुधा आयुष्यभर राहते, मग थेंबभर रेझिनही पुरतं.

कायद्याचा गुंता मात्र याहून जुना आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात, जो २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, रसायनांमुळे होणारे त्वचारोग परिशिष्टाच्या ‘ब’ भागात होते. या भागातल्या रोगासाठी एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झालेली असेल, तरच तो कामामुळे झाला असं गृहीत धरलं जातं. पारा, मँगेनीज, बेन्झीन हे त्याच यादीतले शेजारी. त्या विषांचा परिणाम हळूहळू साचत जातो, त्यांच्यासाठी ही मुदत समजू शकते. पण इपॉक्सीची अ‍ॅलर्जी काही आठवड्यांतही उभी राहते. चौथ्या महिन्यात हात सोलवटलेल्या कामगाराने ते सिद्ध कशाने करायचं? ठेकेदार बदलला, हजेरी दुसऱ्याच्या नावावर गेली, की सलगपणाही तुटतो. अट पूर्ण नसली तरी दावा करता येतो हे खरं, पण मग पुराव्याचं सगळं ओझं कामगाराच्या खांद्यावर. हा अन्याय इतकी वर्षं तसाच राहू द्यायला नको होता.

कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेतही सहा महिन्यांची अट आहे. तिथे फरक थेट पगारात दिसतो: साध्या आजारपणाला ७० टक्के, तेही वर्षाला ९१ दिवस, कामामुळे झालेल्या तात्पुरत्या अपंगत्वाला ९० टक्के, बरं होईपर्यंत. १९४८ च्या कारखाने कायद्याने रसायनांमुळे होणारा त्वचादाह कळवणं सक्तीचं केलं. कळवायचं व्यवस्थापकाने आणि तपासणाऱ्या डॉक्टरने.

निदानाला आधार पॅच टेस्टचा. १८९० च्या दशकात सुरू झालेली ही पद्धत आजही तीच आहे: पाठीवर पट्ट्या, ४८ तासांनी काढायच्या, नंतर पुन्हा बघायचं. नेहमीच्या संचात इपॉक्सी रेझिन असतं, पण हार्डनरमधली अमाइन्स नावाची रसायनं बहुतेक नसतात. त्यामुळे चाचणी कोरी आली म्हणून कामावरच्या इपॉक्सीला निर्दोष ठरवता येत नाही. डब्यावरचं लेबल आणि सुरक्षा पत्रक डॉक्टरपर्यंत पोचलं, तरच नेमका पदार्थ योग्य प्रमाणात पातळ करून तपासता येतो.