विश्वामित्रीच्या मगरी आणि ‘अनुकूलन’ या शब्दाचा घोळ

ऑगस्ट २०२४मध्ये बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीला आलेल्या पुरात शहराच्या वस्त्यांमधून तीन दिवसांत २४ मगरी उचलाव्या लागल्या आणि ‘मगरींनी शहराशी जुळवून घेतलंय’ हे वाक्य पुन्हा तोंडोतोंडी झालं. (जुनी मराठी घरं मगरीलाही सरसकट ‘सुसर’ म्हणतात, पण सुसर ही लांब निमुळत्या तोंडाची वेगळी जात.)

कातड्यासाठीच्या शिकारीने मगर संपत आली होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती सावरली, हे सर्वांना ठाऊक आहे. घोळ आहे तो ‘अनुकूलन’ या शब्दाचा. एखाद्या मगरीने उकिरड्यावरची कुत्री-डुकरं धरायला लागणं ही सवय झाली. अनुकूलन म्हणजे शरीर आणि उपजत वर्तनातला बदल, आणि तो घडतो असंख्य पिढ्यांच्या नैसर्गिक निवडीतून. मादी वयात यायलाच सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे शहराचं सांडपाणी नदीत येऊ लागल्यापासून पिढ्या झाल्या मोजक्याच. घाण पाण्यात प्राणवायू घटला की मासे मरतात. मगर फुप्फुसाने हवा घेते म्हणून तगते. यात शहराने तिला काहीच शिकवलेलं नाही.

बिळाचंही तेच. उंच मातीच्या काठात ती खोल बीळ खणते: थंडीत ऊब, मे महिन्यात गारवा. अंडी मात्र वेगळ्या खड्ड्यात, ३५ ते ५६ सेंमी खोल, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, बहुधा २५-३०. ५५ ते ७५ दिवसांनी, पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर पडतात. घरट्याचं तापमान २८ ते ३१ अंश राहिलं तर सगळ्या माद्या, ३२.५ला नर. खड्ड्याची खोली चुकली की हा हिशेबच बिघडतो.

म्हणूनच २०२५मध्ये विश्वामित्रीतला गाळ काढून काठांना उतार देण्याचा निर्णय वादाचा ठरला. पूर उतरवायला पात्र मोकळं हवं, हे मान्य. पण यंत्रं नदीत उतरतात ती पाणी कमी असताना, म्हणजे नेमकी अंड्यांच्या दिवसांत. घरटी हलवू, असं सहज म्हटलं जातं. मात्र घातल्यावर दिवसभरातच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं की तो मरतो. वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करून, अंडं न फिरवता, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवावं लागतं. यंत्राच्या बादलीने हे होत नाही. आणि दगडी अस्तर लावलेल्या काठावर मगर ऊन खायला येईल, बीळ मात्र खणू शकणार नाही.