पिल्लू घरात घाण करते, यात ब्रीडचा दोष किती?

कुत्र्याचे पिल्लू घरी आणू पाहणाऱ्या कुटुंबाला ओळखीपाळखीतून जे सल्ले मिळतात, त्यांत एक सल्ला ठरलेला असतो: बीगल आणि डॅशहुंड हट्टी असतात, त्यांना शी-शूची शिस्त लावता लावता नाकी नऊ येतात, त्यापेक्षा लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड घ्या, ती शहाणी असतात. हा सल्ला अगदीच निराधार नाही. मात्र त्यामागे ब्रीडचे ‘शहाणपण’ जेवढे गृहीत धरले जाते, तेवढे अभ्यासांत सापडत नाही. जे फरक सापडतात, ते बहुतांशी कुत्र्याच्या आकाराचे, त्याच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांचे आणि मालकाच्या वागण्याचे असतात.

ब्रीडनुसार स्वभावाची क्रमवारी लावण्याचा एक गाजलेला प्रयत्न 1985 मध्ये अमेरिकेत झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकीय विभागातील बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जाणकारांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतले निम्मे पशुवैद्य होते आणि निम्मे आज्ञापालन स्पर्धांचे परीक्षक. एकूण 56 ब्रीड आणि 13 स्वभावगुण निवडले होते, आणि प्रत्येक जाणकाराने त्यांपैकी सात ब्रीडना एकेका गुणानुसार क्रम लावायचा होता. स्वच्छतेची सवय किती सहज लागते, हा त्या तेरांपैकी एक गुण. या अभ्यासातली ब्रीडची क्रमवारी पुढे सगळीकडे उद्धृत झाली, पण त्यातली एक महत्त्वाची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. कोणत्या गुणावरून दोन ब्रीडमधला फरक भरवशाने ओळखता येतो, हेही संशोधकांनी मोजले होते. चटकन उत्तेजित होण्याचा गुण त्यात सर्वांत वर होता, तर स्वच्छतेच्या सवयीचा गुण सर्वांत खाली. म्हणजे त्या 96 जाणकारांचे या बाबतीत आपसांतच फारसे जमत नव्हते. मादी पिल्लांना ही सवय नर पिल्लांपेक्षा लवकर लागते, असेही मत त्या मुलाखतींतून पुढे आले.

शिवाय हा मतांचा अभ्यास होता, कुत्र्यांचा नव्हे. प्रत्यक्ष कुत्र्यांच्या जनुकांकडे वळले तर चित्र आणखी सौम्य होते. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 18,385 कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावली भरून दिली होती आणि 2,155 कुत्र्यांचा जनुकसंच वाचला गेला होता. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सरासरी सुमारे 9 टक्केच भाग ब्रीडवरून सांगता येतो, असे त्यात आढळले. माणसाच्या सूचनेला प्रतिसाद देण्याच्या गुणात ब्रीडचा वाटा त्यामानाने अधिक होता, आणि मेंढ्या राखणाऱ्या ब्रीडची ख्याती त्यावरूनच झालेली आहे. पण लघवी रोखून धरणे आणि सूचना ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आकाराचा परिणाम मात्र पुन्हा पुन्हा दिसतो. 2013 मध्ये पॉल मॅकग्रीव्ही, जेम्स सर्पेल आणि सहकाऱ्यांनी 80 ब्रीडमधील आठ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वर्तनाची माहिती त्यांच्या सरासरी उंची-वजनाशी ताडून पाहिली. ब्रीडची उंची जितकी कमी, तितके घरात एकटे असताना लघवी किंवा शी करण्याचे प्रमाण अधिक, असा संबंध त्यांना दिसला. लहान कुत्र्यांमध्ये ही शिस्त अर्धवट राहण्याचे प्रमाण मोठ्या कुत्र्यांपेक्षा अधिक असते, हे नंतरच्या सर्वेक्षणांतही आढळले आहे.

असे का व्हावे? यातला एक भाग निव्वळ शरीरक्रियेचा आहे. सस्तन प्राण्यांची ऊर्जेची गरज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. ती साधारणपणे वजनाच्या पाऊण घाताने वाढते. 2 किलोचा चिहुआहुआ आणि 32 किलोचा लॅब्राडोर घेतले, तर लॅब्राडोरचे वजन सोळापट असूनही त्याची ऊर्जेची गरज आठपटच भरते. याचाच अर्थ असा की, दर किलोमागे चिहुआहुआ दुप्पट वेगाने ऊर्जा आणि ढोबळमानाने तितक्याच वेगाने पाणीही वापरत असतो. मूत्राशयाची क्षमता मात्र साधारण शरीराच्या वजनाच्या प्रमाणातच असते, त्यामुळे छोट्या कुत्र्याचे मूत्राशय लवकर भरते. पिल्लाचे वय जितक्या महिन्यांचे, त्यात एक मिळवून येईल तितके तास ते लघवी धरू शकते, असा एक आडाखा प्रशिक्षक सांगतात. त्यात वजनाचा हिशेबच नाही. दोन महिन्यांचे चिहुआहुआचे पिल्लू बहुधा किलोभराचेही नसते, आणि त्याच वयाच्या लॅब्राडोरच्या पिल्लाला लावलेले वेळापत्रक त्याला लावणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

दुसरा भाग माणसाच्या बाजूचा आहे, आणि माझ्या मते तोच अधिक वजनदार. लॅब्राडोरने दिवाणखान्यात केलेले तळे कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. घरातले सगळे त्या दिवसापासून जागे होतात, वेळा ठरतात, पट्टा दाराशी टांगला जातो. पोमेरेनियनने सोफ्यामागे सांडलेले दोन चमचे मात्र कोणाला दिसायच्या आतच वाळतात. तिथला वास आपल्याला येत नसला तरी कुत्र्याला येतो आणि पुढच्या वेळी तीच जागा खुणावते. अमोनिया असलेल्या फिनेलसदृश द्रावणाने फरशी पुसली तर हा वास जाण्याऐवजी वाढल्यासारखाच होतो, कारण लघवी कुजताना अमोनियाच सुटतो; मूत्रातले घटक विघटित करणारी एन्झाइमयुक्त द्रावणे म्हणूनच सुचवली जातात. पावसाळ्यात तर लहान कुत्र्याला खाली न्यायचा कंटाळा माणसालाही येतो आणि कुत्र्यालाही, कारण जे गवत लॅब्राडोरच्या पावलांना लागते ते याच्या पोटाला लागते. मग बाथरूममध्ये नाहीतर बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरले जाते आणि ते तिथेच कायमचे राहते. सर्वेक्षणांतल्या आकड्यांबाबत एक शंका येथेच नोंदवायला हवी. घरात घाण करणारा मोठा कुत्रा अनेक कुटुंबे ठेवून घेत नाहीत, छोट्याला मात्र सांभाळून घेतात. तेव्हा मोठी कुत्री आकड्यांत अधिक शिस्तशीर दिसण्याचे हेही एक कारण असू शकते.

सवयीचे मूळ कोठे पडते, हे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांच्या अमेरिकेतल्या बार हार्बर येथील दीर्घ प्रयोगांतून चांगले कळते. बसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनियल, शेटलंड शीपडॉग आणि वायर हेअर्ड फॉक्स टेरियर या पाच ब्रीडची पिल्ले त्यांनी सारख्याच परिस्थितीत वाढवली आणि 1965 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नवजात पिल्लाला स्वतःहून लघवी-शी होत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते. साधारण तिसऱ्या आठवड्यात पिल्लू झोपण्याची जागा सोडून बाहेर जाऊन विधी उरकू लागते, आणि साडेआठ आठवड्यांच्या सुमारास ते त्यासाठी ठरावीक जागा धरू लागते. झोपायच्या जागी घाण न करण्याची ओढ ही अशी उपजत आहे, आणि घरातली सगळी शिस्त तिच्याच आधारावर उभी राहते.

याच आठवड्यांत पिल्लू पिंजऱ्यात असले तर ही ओढ बोथट होते, कारण जिथे झोपायचे तिथेच घाण करण्यावाचून त्याला पर्यायच नसतो. दुकानातून घेतलेल्या आणि घरगुती पैदासकारांकडून घेतलेल्या कुत्र्यांची तुलना 2013 मध्ये अमेरिकेत झाली, तेव्हा दुकानातली कुत्री घरात घाण करण्याच्या बाबतीतही मागे पडली. शिट्झू, पग, पोमेरेनियन यांसारखी छोटी ब्रीड दुकानांच्या पिंजऱ्यांत अधिक दिसत असल्याने पिंजऱ्याचा दोष सहजपणे ब्रीडच्या नावावर जमा होतो. भारतात 2017 च्या श्वान पैदास आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. आईजवळ राहण्याच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे, पण ते आठ आठवडे पिल्लाने कोठे काढले, याची चौकशी ग्राहकानेच करायची असते.

पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची साथ आणि अपुरे लसीकरण यांमुळे आपले पशुवैद्य पिल्लाला बरेचदा तीन-चार महिन्यांपर्यंत रस्त्यावर नेऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. परंतु पायाखाली कागद की माती ही आवड नेमकी त्याच काळात पक्की होत असते. फ्लॅटमधल्या पिल्लाला म्हणून सुरुवातीपासून मातीचा किंवा हिरवळीचा ट्रे दिला तर पुढे खाली नेताना अडचण कमी येते. झोपून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात त्याला तिथे न्यायचे; पोटात अन्न पडले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, त्यामुळे ही शेवटची वेळ सहसा चुकत नाही. योग्य जागी झाले की तिथल्या तिथे खाऊ द्यायचा. झालेल्या घाणीत नाक घासण्याची जुनी रीत मात्र पिल्लाला एवढेच शिकवते की, माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे, आणि ते सोफ्यामागे जाऊ लागते.

ब्रीडचे नाव खरोखर महत्त्वाचे ठरते ते आजारांच्या बाबतीत. मूत्रपिंडातून येणारी नळी मूत्राशयाऐवजी त्याच्या पुढे उघडण्याचा जन्मजात दोष गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्राडोर आणि सायबेरियन हस्की यांच्यात, विशेषतः माद्यांमध्ये, अधिक आढळतो. असे पिल्लू खाली नेल्यावर नीट लघवी करते, तरीही झोपेत आणि चालताना थेंब गळत राहतात. डॉबरमन आणि बॉक्सर यांसारख्या मोठ्या ब्रीडच्या माद्यांमध्ये नसबंदीनंतर काही काळाने मूत्रद्वाराचा स्नायू सैल पडून झोपेत अंथरूण ओले होऊ शकते. पहिल्या दोषावर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते, तर दुसऱ्यावर बहुतेकदा औषध पुरते.