रुंबाचा क्लावे, सोनचा क्लावे आणि तिसऱ्या ठोक्याची गोची

सोन आणि रुंबा या क्यूबाच्या दोन संगीतशैली, आणि क्लावे म्हणजे त्यांत दोन काठ्यांवर वाजणारा पाच ठोक्यांचा ठेका. ‘तीन-दोन वाजवला की सोन, दोन-तीन वाजवला की रुंबा.’ हे ज्ञान मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता चीडही येत नाही. आवर्तनाच्या एका अर्ध्यात तीन ठोके, दुसऱ्यात दोन. तीन-दोन की दोन-तीन, हा त्यातला कुठला अर्धा आधी धरायचा एवढाच प्रश्न आहे. दोन्ही क्लावे दोन्हीकडून सुरू करता येतात.

साल्साच्या वर्गाला गेलेल्यांच्या हाताला सोनचा क्लावे बसलेला असतोच. तीनतालासारख्या १६ मात्रा मोजायच्या (फक्त मोजपट्टी म्हणून, इथे सम-खाली शोधू नका) आणि १, ४, ७, ११, १३ वर काठी मारायची. झालं.

रुंबाचा क्लावे १, ४, ८, ११, १३. एकच ठोका, तोही एकाच मात्रेने सरकलेला. लोक म्हणतात, ‘एवढंच ना!’ आणि घात होतो तो इथेच.

पायाने १, ५, ९, १३ वर ठेका धरा. सोनचा तिसरा ठोका ५ आणि ९ च्या बरोबर मध्ये पडतो, दोन पावलांच्या मधोमध, आरामात. रुंबाचा तिसरा ठोका येतो पुढचं पाऊल टेकायच्या ऐन तोंडावर. तोल जाईल असं वाटतं आणि जात नाही. नवशिक्याचा हात एकतर घाबरून ७ वर परततो, नाहीतर पायाच्या ओढीने ९ वर जाऊन आदळतो. ७ वर गेलात तर रुंबाचा सोन झाला. ९ वर गेलात तर धड काहीच उरलं नाही. पाय थांबवून हात सुधारायचा प्रयत्न करू नका. पाय चालू ठेवूनच ती ८ वी मात्रा सापडते.

त्यातही क्यूबातल्या मातान्सास किंवा हवाना शहरांचे जुने वादक हा ठोका काटेकोर ८ वर ठेवत नाहीत. पावलाचे चार भाग पाडणाऱ्या आणि तीन भाग पाडणाऱ्या लयीच्या मध्ये कुठेतरी तो लोंबकळत असतो. किंतो, म्हणजे वरच्या स्वराचा, मोकळा बोलणारा ढोल, याच ताणाशी खेळतो. मेट्रोनोम लावून बसवलेला ग्वाग्वांको (रुंबाचा एक प्रकार) मला म्हणूनच कवायतीसारखा वाटतो.

बाकीचे फरक किरकोळ. ‘रुंबा म्हणजे जलद’ हेही खोटं. याम्बू हाही रुंबाचाच प्रकार, आणि तो चांगला संथ असतो.

आणि बॉलरूममधला तो गुलाबी, संथ ‘रुंबा’? त्याचा या ढोलांशी जवळपास संबंध नाही. १९३० मध्ये डॉन आस्पियासूच्या वाद्यवृंदाचं ‘एल मानिसेरो’ अमेरिकेत गाजलं. ते होतं फेरीवाल्याच्या आरोळीवर बेतलेलं सोन, पण खपलं रुंबा म्हणून. नाव तिथे चिकटलं ते चिकटलंच. हवानाच्या चाळवजा सोलारांत आणि मातान्सासच्या गोदीत लाकडी खोक्यांवर वाजणाऱ्या रुंबाला युनेस्कोच्या यादीत जागा मिळायला २०१६ साल उजाडलं.

लोस मुन्येकितोस दे मातान्सास हा रुंबाचा संच. ते १९५२ पासून वाजवताहेत. त्यांचा एखादा ग्वाग्वांको लावा, काठ्या खाली ठेवा आणि आठवडाभर नुसतं पाऊल टाका.