पूल पडल्यावर आपण काय मागत आलो

१५ जून २०२५, रविवार. मावळात पावसाने जोर धरला होता, इंद्रायणी दुथडी भरून वाहत होती आणि कुंडमळ्याच्या जुन्या लोखंडी पुलावर सुट्टीची गर्दी उसळली होती. दुपारी साडेतीनच्या सुमारास पूल कोसळला. चौघांचा जीव गेला, पन्नासहून अधिक लोक जखमी झाले. संध्याकाळपर्यंत मदतीची घोषणा झाली, चौकशी लागली, ठिकठिकाणच्या पुलांच्या ऑडिटची भाषा पुन्हा सुरू झाली. या वेळी मात्र संतापाचा रोख वेगळा होता. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे लावलेला होता. त्यामुळे पुष्कळांनी सरकारच्या आधी गेलेल्या माणसांनाच दोष दिला. फलक वाचता येत नव्हता का, दुचाक्या घेऊन पुलावर जायची गरज काय होती, असं सगळीकडे बोललं जात होतं. दुसरीकडे गावकरी सांगत होते की नव्या पुलाची मागणी कित्येक वर्षांची आहे. नव्या पुलाला निधी मंजूर झालेला होता, कामाचा आदेशही निघालेला होता. त्या दिवशी नदीवर होता तो जुना पूल आणि त्याच्या तोंडाशी तो फलक.

पूल पडल्यावर लोकांनी बुडालेल्यांना दोष द्यावा, हे महाराष्ट्रात नऊ वर्षांपूर्वी कुणाच्या मनातही आलं नसतं. त्या नऊ वर्षांत काय घडत गेलं, हे पाहायचं तर महाडपासून सुरुवात करावी लागते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, साडेअकराच्या आसपास, मुंबई–गोवा महामार्गावरचा सावित्री नदीचा दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. पूल १९२८ चा. शेजारी नवा पूल झालेला होता, पण एका दिशेची वाहतूक जुन्यावरूनच चालू होती. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी आणि एक तवेरा अंधारात थेट नदीत गेल्या. सुमारे चाळीस माणसं गेली. काहींचे मृतदेह दूर समुद्रकिनाऱ्यावर, आंजर्ले-हरिहरेश्वरच्या बाजूला सापडले, काहींचे सापडलेच नाहीत. गाड्या शोधायला क्रेनला लावून तीनशे किलोचं लोहचुंबक पाण्यात सोडावं लागलं. कोकणातल्या घराघरात ती रात्र शिरली, कारण रातराणीने मुंबईला निघालेलं माणूस प्रत्येक घरात असतं.

त्या वेळचा संताप आठवला तर त्यात दोन गोष्टी ठळक होत्या. एक म्हणजे ‘ब्रिटिशकालीन’ हा शब्द. पुलाचं आयुष्य संपल्याचं पत्र ब्रिटनहून आलं होतं आणि आपल्या अधिकाऱ्यांनी ते फायलीत दाबून ठेवलं, ही गोष्ट त्या आठवड्यात एसटी स्टँडपासून सभागृहापर्यंत फिरली. ती खरी असो-नसो, ती इतकी का पसरली याला अर्थ आहे. आपल्या पुलाची काळजी सातासमुद्रापलीकडच्या माणसाला आहे आणि इथल्या खात्याला नाही, हे लोकांना सहज पटलं. दुसरी गोष्ट जास्त बोचरी होती. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि पूल वाहतुकीला योग्य ठरला होता, हे खुद्द सरकारकडूनच सांगण्यात आलं.

इथे थोडं थांबायला हवं. सार्वजनिक बांधकाम खात्यात पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पूल पाहण्याची पद्धत आहे. म्हणजे पाहणी होत नव्हती असं नाही. पण जी पाहणी होते ती बहुतेक डोळ्यांनी आणि पाण्याच्या वरून. दगडी कमानीचा पूल वरच्या ओझ्याने सहसा दगावत नाही. ओझं जितकं पडतं तितके कमानीचे दगड एकमेकांत घट्ट बसतात. तो दगावतो पायाशी. पुराचं पाणी खांबाला अडतं, भोवरे धरतं आणि पायाखालची माती-वाळू खरवडून नेतं. पूर ओसरला की त्या खड्ड्यात गाळ बसतो आणि वरून पाहणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं. नदीतून वाळू उपसली जात असेल तर हे काम आणखी लवकर होतं. पोर्तुगालमध्ये ४ मार्च २००१ ला डोरू नदीवरचा पूल असाच गेला. वर्षानुवर्षं वाळू उपशाने खांबाचा पाया उघडा पडलेला होता, ५९ माणसं गेली आणि तिथल्या बांधकाममंत्र्याने लगेच राजीनामा दिला.

महाडनंतर लोकांनी दोन गोष्टी मागितल्या, नवा पूल आणि दोषी माणूस. नवा पूल मिळाला, आणि चकित व्हावं अशा वेगाने मिळाला. केंद्राने १८० दिवसांचा शब्द दिला होता, पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला खुला झाला. ज्या महामार्गाचं चौपदरीकरण गणपतीमागून गणपती गेले तरी संपेना, त्याच महामार्गावर हे घडलं. काम करायची ताकद नाही असं म्हणायची सोय त्या १६५ दिवसांनी उरू दिली नाही. दोषीसाठी निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमला गेला.

आणखी एक गोष्ट झाली, जिची फारशी चर्चा झाली नाही. केंद्राने देशातल्या पुलांची एकत्रित नोंद करायला घेतली. ऑगस्ट २०१७ मध्ये नितीन गडकरींनी लोकसभेत सांगितलं की १ लाख ६० हजार पुलांची पाहणी झाली असून त्यातले १०० कधीही पडू शकतील अशा अवस्थेत आहेत. देशाच्या मंत्र्याने सभागृहात असं सांगितल्यावर ते शंभर पूल कुठले, ही यादी गावोगावी चावडीवर लागायला हवी होती. आपण ती मागितली नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासात हातातून निसटलेली सगळ्यात मोठी संधी तीच होती.

कोल्हापूरकरांनी मात्र आधीपासून मागणी लावून धरली होती. पंचगंगेवरचा शिवाजी पूल एकोणिसाव्या शतकातला. शेजारी पर्यायी पुलाचं काम बरंचसं झालेलं आणि पुरातत्त्व कायद्याच्या अडचणीत अडकलेलं. महाड घडल्यावर कृती समितीने मोर्चे काढले, धरणी धरली, दिल्लीपर्यंत पाठपुरावा केला. तरीही २६ जानेवारी २०१८ च्या रात्री एक मिनीबस जुन्या पुलाचा दगडी कठडा तोडून नदीत पडली आणि १३ जण गेले. पर्यायी पूल त्यानंतर पूर्ण झाला. लोक बोलत नाहीत म्हणून पूल रखडतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी कोल्हापूर आठवावं.

मुंबईत याच काळात वेगळंच घडलं. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याचा आदला दिवस, सकाळची गर्दी आणि एकाएकी आलेला पाऊस. एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. पूल पडला नव्हता. फुलवाल्याची फुलं पडली, कुणीतरी ‘फूल गिरा’ म्हणालं आणि गर्दीने ‘पूल गिरा’ ऐकलं, असं वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितलं. पाऊस, अरुंद जिना आणि चारी बाजूंनी रेटणारी गर्दी ही कारणं खरीच. पण हजारो माणसांनी तो शब्द ऐकल्याबरोबर खरा मानला असेल, तर महाडनंतर चौदा महिन्यांत आपल्या मनाची काय अवस्था झाली होती ते त्यातून कळतं. पुलावरचा विश्वासच पूल पडण्याआधी पडला होता. हा पूल रुंद करा म्हणून प्रवासी आधीपासून कंठशोष करत होते. दुर्घटनेनंतर लष्कराला बोलावण्यात आलं आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला नवा पूल खुला झाला. रोजच्या प्रवाशांचा जिना बांधायला सैन्य का लागावं, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला आणि तो रास्त होता.

मग ३ जुलै २०१८. अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ सकाळी पावसात थेट रुळांवर कोसळला. मोटरमनने वेळेत ब्रेक लावल्याने लोकल वाचली, तरी दोघांचा जीव गेला. पूल कुणाचा, यावर रेल्वे आणि महापालिका यांच्यात जुंपली. मुंबईतल्या रेल्वेवरच्या पुलांची रचनाच अशी की रुळांवरचा भाग एकाच्या ताब्यात, दोन्हीकडचे उतार दुसऱ्याच्या, पैसे एकाने द्यायचे, काम दुसऱ्याने करायचं. या भांडणातून लोकांच्या तोंडी एक शब्द आला, ‘स्ट्रक्चरल ऑडिट’. तोवर तो सोसायटीच्या बैठकीत मोडक्या इमारतीबद्दल ऐकू यायचा. आता प्रत्येक पुलाचं ऑडिट झालं पाहिजे, ही नागरिकांची मागणी झाली. मागणी योग्यच होती आणि ती मान्यही झाली.

आठ महिन्यांनी ती मागणीच उलटली. १४ मार्च २०१९ ला संध्याकाळी सीएसएमटीजवळच्या हिमालय पुलाचा स्लॅब भर रहदारीत खाली आला. सात जण गेले, तीसहून अधिक जखमी झाले. खालचा सिग्नल लाल होता म्हणून गाड्या थांबलेल्या होत्या, नाहीतर आकडा कुठे गेला असता कोण जाणे. या पुलाचं ऑडिट झालेलं होतं. किरकोळ दुरुस्ती पुरे, असा त्याचा निष्कर्ष होता. ऑडिट करणाऱ्या सल्लागाराला अटक झाली, महापालिकेच्या अभियंत्यांवरही कारवाई झाली. पूल रेल्वेचा की पालिकेचा, हा घोळ त्या संध्याकाळीही झालाच.

अटकेमुळे राग शांत झाला, पण तिचा परिणाम पुढे दिसला. ज्या सहीमुळे तुरुंगात जावं लागतं ती सही करताना माणूस सावध होतो. त्यानंतर ऑडिटच्या अहवालांत ‘पाडा’, ‘बंद करा’ हे शेरे वाढले आणि मुंबईतले पूल एकामागून एक बंद होऊ लागले. काही खरोखर बंद करायलाच हवे होते. ७ नोव्हेंबर २०२२ ला गोखले पूल वाहतुकीला बंद झाला आणि अंधेरी पूर्व-पश्चिम तुटली. आता संताप पूल बंद केल्याचा होता. रुग्णवाहिका अडकतात, मुलांना शाळेला दोन तास लागतात, पर्याय न देता पूल बंद कसा केला? फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली तर तिची उंची शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी जुळेना. दोन पुलांमधली ती फट लोकांनी मोबाइलवर इतकी फिरवली की रागाला वेगळे शब्द लागलेच नाहीत. पूर्ण पूल सुरू व्हायला मे २०२५ उजाडला.

पूल बंद झाल्यावर चिडलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत. तो दोन्ही वेळा बरोबर असतो. पडेपर्यंत चालू ठेवणं आणि भीतीपोटी एका रात्रीत बंद करणं, या दोहोंच्या मधलं एक काम असतं, ते झालेलं नसतं म्हणून त्याच्यावर ही पाळी येते. हे काम अगदी साधं आहे. पुलावरचं पाणी वाहून नेणारी छिद्रं मोकळी ठेवणं. ती तुंबली की पाणी स्लॅबमध्ये मुरतं, आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडते. भेगांतून उगवलेलं पिंपळाचं रोप वीतभर असतानाच मुळासकट काढणं. तुळई ज्यावर टेकते ती बेअरिंगं वेळेवर बदलणं. पूर ओसरल्यावर पाणबुडे उतरवून पाया तपासणं. रंगरंगोटी आणि रोषणाई या यादीत येत नाही, पण निविदा निघते ती बहुधा त्यांचीच. मोरबीच्या झुलत्या पुलाचं तेच झालं. नूतनीकरण करून २६ ऑक्टोबर २०२२ ला तो खुला केला, ३० ऑक्टोबरला तुटला आणि १३५ जण गेले. विशेष तपास पथकाला आढळलं की मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या.

दुसरीकडे काय झालं, याचं एक उदाहरण नेहमी दिलं जातं. १५ डिसेंबर १९६७ ला अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडून ४६ जण गेले. त्या संतापातून देशभरच्या पुलांसाठी पाहणीचा एकच नियम १९७१ पासून लागू झाला. साधारण दर दोन वर्षांनी पाहणी, ठरलेल्या पद्धतीने गुण आणि ही नोंद कुणालाही बघता येईल अशी. म्हणून तिथे पूल पडायचे थांबले असं मुळीच नाही. २००७ मध्ये मिनियापोलिसचा पूल पडून १३ जण गेले आणि त्या पुलाला नोंदीत अनेक वर्षं सदोष ठरवलेलं होतं. पण ते कमी गुण नागरिकांना दिसत होते. प्रश्न विचारायला त्यांच्या हातात कागद होता. आपल्याकडे तोच कागद मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो, आणि तोही बहुतेकदा पूल पडल्यानंतर केला जातो.

कुंडमळ्यानंतर महिनाही झाला नव्हता तेव्हा, ९ जुलै २०२५ ला, गुजरातेत मही नदीवरचा १९८५ चा गंभीरा पूल मधूनच तुटला आणि वीसहून अधिक जण गेले. एक टँकर तुटलेल्या टोकाशी अर्धवट लोंबकळत राहिला. तो उतरवायला चार आठवडे लागले. इकडे मावळात काठावरचे लोक नदीत उड्या टाकून माणसं बाहेर काढणारे पहिले होते, आणि नव्या पुलासाठी वर्षानुवर्षं खेटे घातलेलेही तेच. गर्दीला दोष देणाऱ्या आवाजात त्यांचं म्हणणं मागेच पडलं. ते विचारत होते, पूल इतका धोकादायक होता तर नदी ओलांडायला आम्हाला दुसरा रस्ता कुठला दिला होता?