विकिमीडिया कॉमन्सवरील उत्पात-प्रतिबंध

विकिमीडिया कॉमन्स या मुक्त भांडारातील चित्रे, ध्वनिफिती व चित्रफितींची मुद्दाम केलेली नासधूस शोधून उलटवण्याच्या कामाला उत्पात-प्रतिबंध म्हणतात. मराठी विकिपीडियावर अशा नासधुशीला ‘उत्पात’ हाच शब्द रुळला आहे. कॉमन्स ७ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झाले. आज तेथे १० कोटींहून अधिक फाइली आहेत आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक आहेत.

येथला सर्वांत घातक उत्पात म्हणजे जुन्या फाइलीवर त्याच नावाने भलतेच चित्र चढवणे. एकच फाइल मराठी, हिंदी, जर्मन अशा अनेक विकिपीडियांवर वापरलेली असते, त्यामुळे एका जागी केलेला खोडसाळपणा सगळीकडे एकदम दिसतो. शिवाय लेखाच्या ‘इतिहासात’, म्हणजे त्यातल्या बदलांच्या यादीत, त्याची काहीच नोंद होत नाही, कारण लेख कोणी बदललेलाच नसतो. रायगडाच्या लेखात अचानक अश्लील चित्र दिसले, तर लेख कितीही तपासला तरी दोष सापडणार नाही. चित्रावर टिचकी मारून कॉमन्सवरील फाइलीचा इतिहासच पाहावा लागतो. जुन्या आवृत्त्या तेथे जपलेल्या असतात, त्यामुळे मूळ चित्र परत आणता येते. त्यानंतरही काही वेळ जुनी लघुप्रतिमा दिसत राहते; पानाची साठवलेली प्रत ताजी केली की ती जाते.

दुसरा प्रकार मजकुराचा: वर्णनात शिव्या घालणे, व्यक्तीची ओळख खोटी लिहिणे, वर्ग (फाइली विषयवार लावण्याच्या खुणा) उडवणे. २०१९पासून फाइलींना अनेक भाषांत लघुमथळे देता येतात. मराठी मथळ्यातली शिवी परदेशी गस्तकऱ्याला, म्हणजे बदल तपासणाऱ्या स्वयंसेवकाला, वाचता येत नाही, म्हणून ही गस्त मराठी वाचकांनीच घालायला हवी.

‘अलीकडील बदल’ ही ताज्या संपादनांची यादी आणि पहाऱ्याची सूची, म्हणजे आपण लक्ष ठेवलेल्या पानांची यादी, ही गस्तीची रोजची साधने. संशयास्पद संपादने ‘गाळण्या’ नावाचे स्वयंचलित नियम आपोआप अडवतात, वारंवार त्रास देणाऱ्या खात्यांवर प्रचालक (जादा अधिकार असलेले सदस्य) बंदी घालतात, तर इंग्रजी विकिपीडियाच्या मुखपृष्ठावर येणारी चित्रे बॉट, म्हणजे आपोआप चालणारा संगणक-प्रोग्राम, आधीच सुरक्षित करतो. खात्याशिवाय फाइल चढवता येत नाही, ही पहिली चाळणी.

नवख्याने आंतरजालावरून उचलून चढवलेले छायाचित्र मात्र बहुधा उत्पात नसतो. तो प्रताधिकाराचा भंग असतो आणि फाइल काढलीच जाते. पण त्याला उत्पाती ठरवणे अन्यायाचे आहे. अशा वेळी त्याच्या चर्चापानावर नियम समजावून सांगितला जातो.