तीन फरशांमधून उभी राहिलेली संत

म्हैसूरचा राजवाडा बघून झाला की सहलीची गाडी हमखास सेंट फिलोमिना चर्चकडे वळते. ज्या मुलीच्या नावानं हे भव्य चर्च उभं आहे, तिच्याबद्दलचा सगळा पुरावा मात्र एका थडग्यापुरता आहे.

मे १८०२. रोमच्या व्हिया सालारिया रस्त्याखालच्या प्रिसिला कॅटकॉममध्ये, म्हणजे मऊ ज्वालामुखी खडकात खोदलेल्या भुयारी दफनभूमीत, भिंतीतला एक कोनाडा उघडण्यात आला. कोनाड्याचं तोंड भाजलेल्या मातीच्या तीन फरशांनी बंद केलेलं होतं. त्यांवर लाल रंगात ओळीनं अक्षरं होती: 'लुमेना', 'पाक्स ते', 'कुम फि'. सोबत जहाजाचा नांगर आणि बाण रंगवलेले. आत किशोरवयीन मुलीची हाडं आणि काचेच्या कुपीचे अवशेष सापडले. पहिली फरशी उचलून शेवटी ठेवली की लॅटिन वाक्य जुळतं: 'पाक्स तेकुम फिलुमेना', शांती तुझ्यासोबत असो, फिलुमेना.

कुपीतला सुकलेला थर रक्ताचा मानला गेला आणि त्यावरून ती हुतात्मा ठरली. १८०५ मध्ये हाडं नेपल्सजवळच्या मुन्यानो गावी नेली. तिचं चरित्र मात्र कुठल्याच जुन्या ग्रंथात नव्हतं. ते आलं १८३३ मध्ये, नेपल्सच्या मारिया लुइसा या जोगिणीला झालेल्या साक्षात्कारातून. ग्रीक राजकन्या, सम्राट डायोक्लेशियनच्या लग्नाच्या मागणीला तिचा नकार, मग गळ्यात नांगर बांधून टायबर नदीत ढकलणं, बाणांचा वर्षाव, शेवटी शिरच्छेद. नांगर आणि बाण फरशीवर आधीच होते, हे इथे लक्षात घ्यायला हवं. शिवाय नांगर हे सुरुवातीच्या ख्रिस्ती थडग्यांवर सर्रास आढळणारं आशेचं चिन्ह आहे. त्यातून कुणाला बुडवल्याचं अनुमान निघत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ ओराझियो मारुक्की यांनी फरशांच्या उलटसुलट क्रमाकडेच बोट दाखवलं. मजकुराची धाटणी दुसऱ्या शतकातली आहे. चौथ्या शतकात कबरी खोदणारे जुन्या फरशा पुन्हा वापरत आणि आतला मृत वेगळा आहे हे कळावं म्हणून अक्षरांचा क्रम मुद्दाम मोडत. तसं असेल तर फिलुमेना हे नाव त्या हाडांचं नाहीच, आणि ती मुलगी ख्रिस्ती लोकांचा छळ थांबल्यानंतरच्या काळातली ठरते. अशा कुप्या सुगंधी द्रव्यांच्या असाव्यात, हे मतही तोवर रूढ झालं होतं. फेब्रुवारी १९६१ मध्ये व्हॅटिकननं तिचा सण उपासनेच्या दिनदर्शिकांतून काढला. लोकांच्या भक्तीवर बंदी आली नाही, आणि तशी यायचं कारणही नव्हतं.

वाद तिथे मिटला नाही. २००५ मध्ये फ्लॉरेन्सच्या एका नामांकित संवर्धन प्रयोगशाळेनं केलेल्या तपासणीचा निष्कर्ष मांडला गेला: फरशांवर चुन्याचा एकच प्रकार सापडतो. म्हणजे त्या एकदाच बसवल्या, असं भक्तांचं म्हणणं. मला हा पुरावा दखल घेण्याजोगा वाटतो. त्यानं मारुक्कींची बाजू खरोखर कमकुवत होते, आणि घाईत किंवा निरक्षर कारागिराच्या हातून क्रम चुकला असेल ही जुनी शक्यता पुन्हा उभी राहते. पण डायोक्लेशियन आणि राजकन्येच्या गोष्टीला त्यातून काडीचाही आधार मिळत नाही. हाडं दुसऱ्या शतकातली की चौथ्या, हे ठरवायला कार्बन डेटिंगचा उपयोग होऊ शकतो, कारण एवढं अंतर त्या पद्धतीच्या आवाक्यात बहुधा येतं.