आठ कोअर आणि रांगेचा नंबर

‘आठ कोअर आहेत, म्हणजे आठपट वेग!’ मोबाइलच्या दुकानात हे वाक्य हमखास कानावर पडतं. ते खरं नाही. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. कोअर आठ असले तरी मेमरी एकच आणि तिचा हिशेब ठेवणारा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तोही एकच.

समजा, एका खात्यात ४१ हा आकडा आहे आणि दोन कोअरना त्यात प्रत्येकी १ मिळवायचाय. दोघांनी एकाच क्षणी ४१ वाचला आणि दोघांनी ४२ लिहिला. हवे होते ४३! असा घोटाळा क्वचितच होतो, म्हणून लोक ‘आज कॉम्प्युटरचा मूड नाही’ म्हणून सोडून देतात. मूड वगैरे काही नसतो. त्या क्षणी दोन कोअरच्या कामाचा क्रम तसा जुळून आलेला असतो.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने १९९६ मध्ये २.० आवृत्तीत यावर सरळ उपाय केला: अख्ख्या कर्नलला एकच मोठं कुलूप. एक कोअर आत असेल, तर बाकीचे दाराशी. पुढे त्याच्या जागी ठिकठिकाणी छोटी कुलपं आली. मोठं कुलूप पुरतं काढायला २०११ उजाडलं.

या छोट्या कुलपांतलं मला सर्वांत आवडतं ते स्पिनलॉक. इथे वाट पाहणारा कोअर झोपत नाही, ‘उघडलं का?’ असं सतत विचारत राहतो. कुलपाआडचं काम प्रोसेसरच्या काही सूचनांपुरतंच असतं; तेवढ्यासाठी झोपून पुन्हा उठणं जास्त महाग. पण कुलूप उघडताच झडप कोण घालणार? ज्याच्या कॅशमध्ये, म्हणजे कोअरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, त्या कुलपाची ताजी प्रत आहे, त्यालाच ते पुन्हा पुन्हा मिळतं आणि लांबचा कोअर ताटकळतो. म्हणून २००८ मध्ये बँकेतल्यासारखे टोकन आले. कुलपात दोन आकडे: पुढचं टोकन आणि चालू नंबर. टोकन घेताना ‘वाचा आणि १ वाढवा’ हे प्रोसेसर एकाच अखंड सूचनेत करतो, त्यामुळे ४१-४२चा घोटाळा होत नाही.

किती सुंदर! तरी एक अडचण उरलीच. सगळ्यांचे डोळे त्या एकाच चालू नंबरावर. तो बदलला, की वाट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कॅशमधली प्रत रद्द होते आणि सगळे ताजी प्रत मागायला एकदम धावतात. २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीने रांगेतल्या प्रत्येकाला स्वतःची वेगळी जागा दिली. आता प्रत्येक कोअर आपल्याच जागेवर लक्ष ठेवतो आणि पुढचा आपली पाळी आली, की मागच्याला तिथे कळवतो.